तापात माणूस बरळतो तेव्हा

पावसाळा सरता सरता आमच्याकडे तापाची पत्रं येतात, हे दरवर्षीचंच. या खेपेला मात्र बऱ्याच पत्रांत ताप बाजूला आहे आणि विचारणा वेगळीच आहे: तापानं दाखल केलेला माणूस असा का वागतोय? काही पत्रं एकमेकांसारखी होती, ती एकत्र केली आहेत.

वडील ७४ वर्षांचे. डेंगी म्हणून बेळगावात दाखल केलं. तिसऱ्या रात्री सलाईनची सुई उपसून काढली, छताला मुंग्या लागल्यात म्हणून ओरडले, मला ओळखलंच नाही. सकाळी उठून शहाण्यासारखा चहा मागितला. रात्री परत तेच. भावकी म्हणते बाहेरचं आहे, जाणत्याला दाखवा. डॉक्टर म्हणतात डिलिरियम. वेड लागलं का हो? – एक वाचक, निपाणी

वेड नाही. जुनी माणसं ‘तापात वात झाला’ म्हणायची, ती बहुतेक वेळा हीच अवस्था. डिलिरियम म्हणजे आजारात अचानक येणारा भ्रम. सकाळी शहाणा आणि रात्री बेभान, हा चढउतार हीच तिची ओळख. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होते, दिवसभरात कमी-जास्त होते, अंधार पडला की वाढते. स्मृतिभ्रंश असा एका रात्रीत येत नाही.

शरीरात काहीतरी बिघडलंय आणि ते आधी मेंदूत दिसतंय, असा याचा अर्थ. म्हणून ‘म्हातारपणात असं होतंच’ म्हणून कुणी हात झटकले तर ऐकून घेऊ नका. डेंगीत तर मुळीच नाही. ताप उतरायला लागतो ते तिसऱ्या ते सातव्या दिवसातले तासच डेंगीत जास्त धोक्याचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या डेंगी मार्गदर्शिकेत धोक्याच्या खुणांची यादी आहे. त्यात पोटदुखी, सतत उलटी, हिरड्या-नाकातून रक्त यांच्याबरोबर अस्वस्थपणा किंवा सुस्ती हीही आहे. वडील रात्री दोनला बिथरले तर दोनलाच नर्सबाईंना उठवा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

आणि विचारा: ऑक्सिजन किती? ९४च्या खाली आहे का? बीपी उतरलं का? शुगर किती? मधुमेहाची गोळी चालू आणि पोटात अन्न नाही, असं असलं की शुगर ७०च्या खाली जाते आणि माणूस बरळतो. रक्तातलं सोडियम (मीठ) पाहिलं का? लघवी शेवटची कधी झाली? सहा-आठ तास झाली नसेल तर ओटीपोटावर हात ठेवून पाहायला सांगा. तुंबलेली लघवी आणि तीन दिवसांचा मलावरोध एवढ्यानंही म्हातारा माणूस थयथयाट करतो, आणि बोलून दाखवता येत नाही म्हणून अंगावरचं सगळं ओढतो. गावातल्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी आधी दिली होती का, तेही सांगा. तिच्यात बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. तरुणाला त्यानं नुसती गुंगी येते, सत्तरीच्या माणसाला भ्रम होऊ शकतो.

पत्र निपाणीचं आहे म्हणून आणखी एक. तंबाखू किंवा मिश्रीची चाळीस वर्षांची सवय दाखल झालेल्या दिवशी तुटते आणि त्या तुटण्यानंही चिडचिड, बेचैनी वाढते. दारूचं तर याहून गंभीर. रोज घेणाऱ्याची बंद झाली की दोन ते चार दिवसांत हातपाय थरथरणं, घाम, भास आणि फिट येऊ शकते. त्याचे उपचार वेगळे आहेत, व्हिटॅमिन बी-१चं इंजेक्शन त्यात मोडतं. शेवटचा घोट कधी घेतला हे घरातली माणसं लाजेनं लपवतात आणि डॉक्टर अंधारात चाचपडत राहतात.

आता मुंग्या. वडिलांच्या खाटेवर त्यांच्या जागी उताणे झोपा आणि वर पाहा. बऱ्याच दवाखान्यांत छताला बारीक भोकांचे पांढरे चौकोन असतात. चष्मा उशाखाली, अर्धवट उजेड, वर फिरणारा पंखा: ती भोकं चालायला लागतात. ‘मुंग्या नाहीतच’ म्हणून वाद घालू नका, हरणार तुम्हीच. ‘होय की’ म्हणून मान डोलवायचीही गरज नाही. चष्मा घाला, दिवा लावा, कुशीवर वळवा आणि हळू आवाजात सांगा: ‘आप्पा, मी तुमचा थोरला. हा बेळगावचा दवाखाना. ताप आला म्हणून आणलंय. रात्रीचे दोन वाजलेत, मी इथंच आहे.’ दहा वेळा सांगावं लागेल, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं. सुईच्या जागेवर बँडेज गुंडाळून वर लांब बाहीचा सदरा चढवा. नळी दिसली नाही की ओढली जात नाही.

हात बांधू देऊ नका. बांधलेला माणूस जास्त झगडतो, जास्त बिथरतो आणि त्याला इजा होते. जवळ एक ओळखीचं माणूस बसलं की बहुतेक वेळा बांधायची वेळच येत नाही. एकच, आठ नव्हे! खाटेभोवती सगळं गाव जमलं की निरोगी माणसाचंही डोकं फिरतं. दोन-तीन ठरलेले चेहरे पाळीनं ठेवा.

जाणत्याचं म्हणाल तर अंगारा आणून कपाळाला लावलात तर कुणाचं काही बिघडत नाही. सलाईन काढून माणसाला गाडीत घालून नेलंत तर बिघडतं.

सासूबाई ८०च्या. फ्लूचा न्यूमोनिया. त्रास काहीच देत नाहीत, दिवसभर डोळे मिटून पडून असतात, हाक मारली तर ‘हूं’ म्हणतात, घास तोंडातच ठेवतात. सगळे म्हणतात आराम करतायत. मध्येच कानडीत काहीतरी पुटपुटतात; लग्नानंतरच्या साठ वर्षांत घरात त्या कानडी बोललेल्या आम्ही ऐकल्या नाहीत. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं आली नाहीत म्हणून कागदावर ‘गोंधळलेल्या’ असं लिहिलंय. – एक सून, येळ्ळूर

ओरडणारा म्हातारा सगळ्या वॉर्डाला दिसतो, गप्प पडलेली म्हातारी कुणालाच दिसत नाही. डिलिरियमचा हा मुका प्रकार वृद्धांत जास्त आढळतो आणि जास्त वेळा नजरेतून सुटतो. त्यातून निघालेले परिणामही वाईट: जेवण-पाणी सुटतं, पाठीला जखमा होतात, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया वाढतो. म्हणून पहिलं काम: पेंगत असताना भरवू नका. पूर्ण जाग्या झाल्या, सरळ बसवल्या, एक चमचा पाणी नीट गिळलं, मगच पेज. भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. तोंडात साठलेला घास बोटानं काढून घ्या.

कानडीनं घाबरू नका. त्यांचं माहेर कानडी असणार. दोन भाषांत वाढलेला माणूस गोंधळला की कधीकधी लहानपणच्या भाषेकडे वळतो. आपल्या सीमाभागात निम्म्या घरांत अशी एखादी आजी सापडेल. त्यांच्याशी कानडीत बोलणारं कुणी असेल तर बोलवा. बहीण, भाचा, शेजारीण, कुणीही.

कागदावरच्या शब्दाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चूक दोन्हीकडून होते. वॉर्डात डिलिरियम ओळखायला ‘फोर-ए-टी’ नावाची दोन मिनिटांची चाचणी बरीच वापरतात. एकूण १२ गुण, ४ किंवा जास्त आले की डिलिरियम असण्याची शक्यता धरतात. माणूस जागा आहे का, हा पहिला भाग. मग वय, जन्मतारीख, जागा आणि चालू वर्ष. मग वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायचे. आता येळ्ळूरच्या ८० वर्षांच्या आजींना जन्मतारीख कशी माहीत असणार? आधारवर १ जून आहे, ती कुण्या मास्तरांनी किंवा कारकुनानं घातलेली. डिसेंबर-नोव्हेंबर उलटे कधी म्हटलेत त्यांनी? त्यात प्रश्न विचारणारी पोरगी हुबळीची, मराठी तिला जेमतेम. गुण जातात ते भाषेचे आणि शाळेचे, मेंदूचे नव्हेत.

म्हणून शेजारी उभ्या राहा आणि सुचवा. महिने फाल्गुन, माघ, पौष असे उलटे विचारा, नाहीतर शनिवार, शुक्रवार असे वार. २० ते १ उलटे आकडे बाजारहाट केलेल्या बाईला सहसा जमतात. ही अदलाबदल मूळ चाचणीत नाही, तिला गुण देता येत नाहीत. पण लक्ष टिकतंय की घसरतंय ते लगेच कळतं. शनिवार, शुक्रवार म्हणून मध्येच ‘भात झाला का’ विचारलं तर लक्ष घसरलं.

चाचणीचा चौथा भाग तुमचा आहे. ‘माणसात अचानक बदल झाला का, तो कमी-जास्त होतो का?’ याला होय उत्तर आलं की एकदम ४ गुण. म्हणजे घरच्यांचं एक वाक्य पुरतं. नर्सबाईंना मराठी येत नसेल तर त्यांच्या भाषेत सांगा: ‘निन्ने हिंग इरलिल्ल’, काल असं नव्हतं. त्यापुढे वेळेसकट सांगा. ‘सोमवारी संध्याकाळपर्यंत नातवाला गोष्ट सांगत होत्या, मंगळवारी दुपारपासून बोलणं तुटलं.’ ‘जरा कमी बोलतात’ याला कागदावर जागा नसते.

हे नुसतं समाधान म्हणून सांगत नाही. कोविडच्या पहिल्या वर्षी अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांत आलेल्या ६५ वर्षांवरच्या ८१७ रुग्णांची नोंद पाहिली, तर २८ टक्क्यांना येतानाच डिलिरियम होता. त्यातल्या ३७ टक्क्यांना ताप, खोकला, धाप यातलं नेहमीचं एकही लक्षण नव्हतं. विषाणूची पहिली वर्दी भ्रमच होता.

घरून काय न्यावं? चष्मा, कवळी (डबीत, कागदात गुंडाळू नका, कचऱ्यात जाते), कानातलं यंत्र आणि त्याचे जादा सेल, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, भिंतीवरची दिनदर्शिका आणि त्यांची वाकळ. घरच्या वाकळेचा वास दवाखान्याच्या चादरीला नाही. सकाळी पडदे उघडे, दिवसातून तीन वेळा तरी खुर्चीत बसवायचं, चालवता आलं तर चालवायचं. रात्री दहानंतर मोबाईलवरची मालिका बंद, जवळचा दिवा मंद, आणि बीपी, इंजेक्शन, ताप मोजणं एकाच फेरीत होईल का म्हणून विनंती करायची. लघवीची नळी घातली असेल तर रोज सकाळी विचारायचं, आज काढता येईल का? असल्या साध्या गोष्टी एकत्र केल्या की फरक पडतो, हे १९९९ मध्ये ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर तपासलं गेलं: नेहमीच्या वॉर्डात १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, ही काळजी घेतलेल्यांत ९.९ टक्क्यांना.

आईला झोप नाही, रात्रभर बडबड. झोपेची गोळी का देत नाहीत? आणि सोडियम ११८ आहे म्हणतात, मग मीठ एकदम चढवून मोकळं का करत नाहीत? चार दिवस बिल वाढवतायत असं वाटतं. – चिकोडी

बिलाबद्दलचा संशय इथं तरी गैर आहे. सोडियम १३५ ते १४५ हवं. १२५च्या खाली भ्रम, १२०च्या खाली फिटची भीती. तापात उलट्या होतात, वर नुसतं साधं पाणी आणि मिठाविना पेज. त्यात बीपीची ‘पाण्याची गोळी’ (लघवी वाढवणारी) चालू असेल तर सोडियम झपाट्यानं उतरतं. चढवताना मात्र २४ तासांत साधारण ८ ते १०च्या वर जाऊ द्यायचं नसतं. एकदम चढवलं तर मेंदूच्या आतल्या मज्जातंतूंचं आवरण उसवतं आणि बोलणं, गिळणं, हातपाय कायमचे जाऊ शकतात. फिट येत असेल तर पहिले काही अंक जोरदार चढवतात, मग हात आखडता घेतात. मधूनमधून रक्त काढतात ते याच मोजमापासाठी. घरी जाल तेव्हा ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात चिमूटभर असं नको. हृदयाचा किंवा किडनीचा विकार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

झोपेची गोळी भ्रम वाढवते. कोविडच्या अतिदक्षता विभागांतल्या २,०८८ रुग्णांच्या १४ देशांतल्या पाहणीत निम्म्याहून जास्तांना डिलिरियम झाला. बेंझोडायझेपिन जातीची गुंगीची औषधं शिरेतून चालू होती त्यांना दुसऱ्या दिवशी तो असण्याची शक्यता ५९ टक्क्यांनी जास्त निघाली. घरच्यांची भेट झाली, मग ती व्हिडिओवर का असेना, तिथं ती २७ टक्क्यांनी कमी. आत सोडत नसतील तर दिवसातून एकदा व्हिडिओ कॉल मागून घ्या. आई पूर्वीपासून रोज अल्प्राझोलाम (याच जातीची झोपेची गोळी) घेत असतील तर मात्र ते आवर्जून सांगा. ती गोळी एकदम तुटली तरी भ्रम होतो. स्टेरॉईड चालू असेल तर ते सकाळी देता येईल का विचारा, झोप त्यानंही उडते.

भाऊ काजूच्या बागेत कामाला जातो. जानेवारीत ताप आला, आठ-दहा दिवसांत उतरला, कामालाही गेला. आठवड्यानं परत ताप, डोकं फुटतंय आणि बडबड. डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात. त्यानं माणूस लुळा होतो म्हणतात. – खानापूर तालुका

पत्र वाचताच शंका आली ती माकडतापाची, कानडीत मंगन कायिले. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू गोचिडीतून येतो. घाटाच्या पलीकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ मध्ये त्याची साथ झाली आहे. हंगाम पावसाळ्यानंतरचा, डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. काही रुग्णांत ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि मग दुसरा फेरा येतो. त्यात डोकेदुखी, मान आखडणं, भ्रम. भाऊ जंगलाकडे जातो, माकडं मेलेली दिसली होती का, अंगाला गोचीड लागली होती का, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा.

हा आधीच्या पत्रांपेक्षा वेगळा प्रकार. तिथं शरीर बिघडून मेंदू गोंधळला होता, इथं सूज मेंदूत किंवा त्याच्या आवरणातच असू शकते. मान वाकत नाही, फिट आली, एक बाजू लुळी पडली, बोलणं गेलं, यातलं काहीही दिसलं तर १०८ला फोन आणि मोठं रुग्णालय. नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूनं मेंदूला सूज आली असेल तर त्यावर ॲसायक्लोव्हिर हे औषध आहे आणि ते लवकर सुरू झालं तरच खरा उपयोग. म्हणून काही वेळा तपासणीचा निकाल यायच्या आतच ते चालू करतात. गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का, हाही प्रश्न डॉक्टर विचारतील.

पाठीतल्या पाण्याचं भय निराधार आहे. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत. काढतात ५ ते १० मिलि, आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलि नवं बनवतं. नंतर एक-दोन दिवस, कधी आठवडाभर, उठून बसलं की डोकं दुखू शकतं. लुळेपणाची गोष्ट उठली ती मेंदूच्या सुजेनं आधीच लुळ्या पडलेल्या रुग्णांवरून असावी. फक्त प्लेटलेट फार उतरलेल्या असतील किंवा मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात.

दीड महिना झाला घरी आणून. बाबा हिशेब चुकतात, एकच गोष्ट चारदा विचारतात, गॅस चालू ठेवून जातात. विसराळूपणा कायमचा झाला का? – बेळगाव, अनगोळ

आत्ता शिक्का मारू नका. डिलिरियमची शेपूट आठवडे, कधी महिने राहते. अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या ८२१ रुग्णांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. तीन महिन्यांनी तपासल्यावर ४० टक्क्यांची बुद्धीची कामगिरी डोक्याला मध्यम मार बसलेल्यांइतकी खाली होती, वर्षानंतर ३४ टक्क्यांची. डिलिरियम जितके दिवस जास्त, तितकी घसरण जास्त. कोविडशिवायचे रुग्ण होते हे, म्हणजे दोष एकाच विषाणूचा नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या, मराठीतून. तोवर थायरॉईड, बी-१२, सोडियम पाहा आणि कान-डोळे तपासा. डॉक्टर विचारतील तो खरा प्रश्न असा: तापाच्या सहा महिने आधी बाबा शनिवारच्या बाजारात सुटे पैसे बरोबर मोजत होते का? तेव्हाच चुकत असतील तर ताप हे निमित्त, आजार जुना. गोळ्या वारांच्या खणांच्या डबीत भरा, गॅस वापरून झाला की रेग्युलेटर बंद करायचं काम दुसऱ्यानं घ्या, स्कूटरची चावी काही दिवस तुमच्या खिशात. काळजीनं तुमचीही ओढाताण होत असेल; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

दाखल असताना काकांचा अंगठा जमिनीच्या कागदावर घेतला गेला. तेव्हा ते आम्हाला ओळखतही नव्हते. तो कागद चालतो का? – हुक्केरी तालुका

वकिलाचं काम आहे, पण एवढं सांगता येतं. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम १२ खालच्या उदाहरणात तापाच्या भ्रमात असलेला शहाणा माणूसच दिलाय: तो भ्रम असेपर्यंत त्याला करार करता येत नाही. ते सिद्ध करायला लागतो दवाखान्याचा त्या तारखेचा केसपेपर, त्यातली नर्सबाईंची वेळेसकट नोंद. रुग्णालयाकडे नोंदींची प्रत लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.